कारभारी सोडून गेले

अतुलनं काळ्या मण्याएवढा माइक बानाबाईच्या पदराला अडकवला आणि दोन पावलं मागं सरून मोबाइलच्या पडद्यात पाहिलं. उजेड मनासारखा नव्हता. त्यानं पुढं येऊन तिची खुर्ची खिडकीकडं वळवली. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती. बानाबाई टाकीकडं बघत राहिली. खुर्ची फिरली तशी ती फिरली होती, एवढंच.

"आजी, घाबरायचं नाही हं. पेपरात बातमी येईल आणि हा व्हिडिओ आमच्या वेबसाइटवर. ताईंनी काढलेल्या चित्रातल्या बाईचं वाक्य मोठ्यानं वाचायचं. बस्स."

प्रांजलीनं, तिच्या सुनेनं, टॅब तिच्यापुढं धरला. चित्र ओळखीचं होतं. गोठ्यापुढं बाजेवर बसून मोबाइलमध्ये तोंड खुपसलेला म्हातारा, दारात डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी. म्हातारीच्या तोंडाशी काढलेल्या फुग्यात लिहिलं होतं, 'अवो कारभारी, म्हस सुटली!' आणि म्हाताऱ्याच्या फुग्यात, 'सुटू दे. तिलाबी रेंज पायजे.'

"अवो," बानाबाई म्हणाली आणि थांबली.

अतुलनं मान हलवून तिला धीर दिला.

"अवो," ती पुन्हा म्हणाली. पुढचा शब्द तिला लख्ख दिसत होता. पण ओठ मिटले ते मिटलेच.

"राहू द्या, आजी, राहू द्या." त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "माझ्या आजीलाही वाचता येत नव्हतं."

"अहो नाही, आईंना तर..." प्रांजली बोलायला लागली. बानाबाईनं हातानंच तिला गप्प केलं. कुठं समजावत बसायचं?

गोष्ट अशी होती की बानाबाईच्या नवऱ्याचं नावच कारभारी होतं. करमाडात, त्यांच्या गावी, सगळ्या बायका आपापल्या नवऱ्याला खुशाल 'आमचे कारभारी' म्हणायच्या. नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही म्हणून तर तो शब्द होता. बानाबाईला तोच शब्द बंद झाला. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती 'आमचे हे' म्हणायची, मुलगा माऊली झाल्यावर 'माऊलीचे आबा' म्हणायला लागली. ग्रामपंचायतीच्या कारभारालासुद्धा ती 'गावचं कामकाज' म्हणायची आणि जावा तोंडाला पदर लावून हसायच्या.

प्रांजली लग्न होऊन आली तेव्हा चिकलठाण्याच्या एका छापखान्यात खोक्यांवरची चित्रं काढायची. सासू-सासरे शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी लागलेल्या मुलापाठोपाठ शहरात राहायला आले आणि दोघांची बोलाचाली ऐकून तिनं टॅबवर चार चौकटींची गंमत काढायला सुरुवात केली. मोबाइलवर टाकली. लोकांना आवडली. नाव काय द्यावं यावर घरात काथ्याकूट झाला, तेव्हा म्हातारा म्हणाला होता, "माझंच नाव दे. हिनं जन्मात घेतलं नाय, चित्रात तरी घेऊ दे." बानाबाई चार दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. पण नाव तेच राहिलं, 'अवो कारभारी'. पुण्या-मुंबईच्या वाचकांना वाटायचं, खेड्यातली बाई नवऱ्याला हाक मारतेय, किती गोड. ते एका माणसाचं नाव आहे हे कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

गेल्या थंडीत तो माणूस गेला. चित्रातला मात्र बाजेवर बसलेला राहिला, कारण प्रांजलीला ते वाचकांना सांगता आलं नाही. दर आठवड्याला ती बानाबाईपाशी येऊन विचारायची, "आई, आबा असते तर यावर काय म्हणाले असते?" आणि बानाबाई सांगायची. पाढा म्हणावा तसं सांगायची. हसू यायचं ते वाचकांना.

अतुल आता सोफ्यावर बसून कामाचं विचारत होता. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत वेब कॉमिक्सच्या अर्थकारणावर पानभर मजकूर यायचा होता, त्यात मराठवाड्यातून ही एकटीच.

"म्हणजे वाचक फुकट वाचतात. मग पैसे येतात कुठून?"

"चहातून," प्रांजली म्हणाली. "चित्राखाली एक बटण आहे, 'कारभाऱ्यांना चहा पाजा'. ज्याला वाटेल तो एका कपाचे पैसे पाठवतो. काही जण दर महिन्याला पाठवतात."

"वाचक किती?"

"लाखाच्या आसपास."

"लाख!" तो सावरून बसला. "म्हणजे लाखभर कप?"

"नाही हो. बघणारे लाख. चहा पाजणारे त्यातले हाताच्या बोटांवर. आपल्या गल्लीत वरात बघायला सगळे येतात, आहेर किती जण करतात?"

अतुल हसला. "तरी एखादा आकडा? लोकांना आकडा लागतो."

"घर चालतं असं नाही. पण मी छापखाना सोडला, एवढं लिहा."

त्यानं लिहून घेतलं. प्रांजलीनं एकदा सासूकडं पाहिलं. सकाळीच ती म्हणाली होती, "आई, मी आज त्यांना सांगणार. बातमीतून कळू दे सगळ्यांना. मेलेल्या माणसाच्या नावानं चहा घेतेय मी. कळल्यावर कुणी राहिलं तर राहील." आणि बानाबाई म्हणाली होती, "सांग की."

सासूसमोर 'वारले' म्हणायला तिची जीभ रेटेना. तिनं आवाज खाली आणला.

"एक गोष्ट छापाच. गेल्या वर्षी कारभारी गेले."

"अरेरे," अतुल म्हणाला. "एकाएकी?"

"एकाएकीच. वाचकांना मी अजून सांगितलेलं नाही."

"आणि आता सगळं तुम्ही एकट्याच बघता?"

"हो. आई मदत करतात."

"अवघड गेलं असेल."

"अजून जातंय."

त्यानं मान हलवली, तेही लिहून घेतलं आणि माइक काढायला उठला.

पुढचे दिवस बानाबाई पेपरची वाट बघत होती. कुणाला बोलली नाही, पण सकाळी दाराखालून पेपर आत सरकला की हातातलं टाकून आधी उचलायची. रविवार लांब आहे हे माहीत असूनही पुरवणी आली का बघायची.

छापून येण्यावर तिचा लहानपणापासून विश्वास. तिचा भाऊ मॅट्रिक झाला तेव्हा पेपरात त्याचा नंबर येईपर्यंत बापानं ते खरं मानलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी कधीच्या खडखडीत झाल्या होत्या, पण पेपरात दुष्काळ आला तेव्हा कुठं खडी फोडायचं काम निघालं. या शहराचं नाव बदललं तेही तिनं आधी पेपरात वाचलं आणि मग बसच्या पाटीवर. छापल्याशिवाय गोष्ट होत नाही. म्हातारा गेला तेव्हा माऊलीनं विचारलं होतं, "आई, पेपरात फोटो देऊ का आबांचा?" ती म्हणाली होती, "कशाला?" तिथंच काहीतरी राहून गेलं, असं तिला आता वाटायचं.

कारण तिला अजून रडू आलं नव्हतं. दहाव्याला करमाडच्या बायकांनी तिला मिठ्या मारल्या, दंडाला चिमटे काढले. "रड बाई, मोकळी हो. आत ठिवू नको." आत काही असतं तर काढलं असतं. ती नुसती बसली होती, पाव्हणे जेवले का बघत होती. नंतरही तसंच. भाकरी थापायची, कपडे घडी करायचे, औषध घ्यायचं. म्हाताऱ्याची बंडी हातात आली तरी बंडीच वाटायची. हात बधिर झाल्यावर चिमटा दुसऱ्याला काढल्यासारखा वाटतो, तसं तिचं सगळं झालं होतं. एकदा छापून येऊ दे, ती मनाशी म्हणायची. काळ्या अक्षरात 'गेले' असं दिसलं की मग होईल काय व्हायचं ते.

रविवारी पुरवणी आली. पहिल्या पानावरच प्रांजलीचा टॅब घेतलेला फोटो, आणि मागं खिडकीशी बानाबाई, टाकीकडं बघणारी. वर ठळक अक्षरात, 'चहाच्या कपात लाखाची कमाई!'

"लाखाची कमाई?" प्रांजली मागून डोकावली. "अहो, लाख वाचक असं म्हणाले होते मी!"

बानाबाईनं चष्मा नाकावर घट्ट केला आणि बोट ओळींवरून फिरवत निघाली. 'अक्षरओळख नसलेल्या सासूबाई' इथं बोट क्षणभर थांबलं, पुढं गेलं. मग ते वाक्य आलं.

'गेल्या वर्षी सगळे व्यवहार पाहणारे कारभारी एकाएकी सोडून गेले. मात्र खचून न जाता प्रांजली यांनी सूत्रे स्वतःच्या हाती घेतली. कारभाऱ्याची जागा आजही रिकामीच आहे.'

तिनं ते दोनदा वाचलं. प्रांजलीनं तिच्या खांद्यावरून वाचलं आणि हात तोंडावर नेला.

"आई, त्याला वाटलं मॅनेजर होता कुणी. नोकरी सोडून गेला." तिचा आवाज चिरकला. "मी 'गेले' म्हणाले, आणि त्यानं..."

रात्रपाळी करून आलेला माऊली आतून जांभया देत आला. त्यानं पेपर घेतला, वाचला आणि खाली ठेवला. "आबांना नोकरीला लावलं यांनी," तो म्हणाला. "जन्मभर कुणाची केली नाही." मग तो भिंतीकडं तोंड करून बराच वेळ पाणी पीत राहिला.

दहा वाजायच्या आत करमाडहून कडुबाचा फोन आला. कडुबा म्हणजे बानाबाईचा धाकटा दीर.

"वैनी, पेपर वाचला का?"

"वाचला."

"भाऊ सोडून गेला म्हनं! आरं, मी सोता खांदा दिलाय त्याला! हितं हॉटेलात टेबलावर पेपर पडलाय, समदे मला इचारतेत, कडुबा, तुझा भाऊ कुठं पळाला? आन् या वयात कुनासंगं?"

"मग तू काय म्हनला?"

"काय म्हननार? म्हनलं, लई लांब गेलाय. पत्ता घावला की कळवतो."

कडुबानं आवाज खाली आणला.

"वैनी, आन् ते लाखाचं खरं का?"

"नाय."

"असू दे. मी समद्यायला खरं हाय म्हनून सांगितलंय."

बानाबाईनं फोन ठेवला. तिनं पेपर पुन्हा पुढ्यात ओढला. सोडून गेले. तिनं त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. बोट तिथून हलेना.

दिवसभर प्रांजलीचा मोबाइल वाजत होता. बातमी वाचून नवे लोक येत होते, चहा पाठवत होते. 'कारभाऱ्यांना नांदेडहून एक कडक.' 'आजोबांना आमच्याकडून बिनसाखरेचा.' प्रत्येक आवाजाला तिचा चेहरा आणखी उतरायचा. शेवटी तिनं मोबाइल उशीखाली सारला आणि अतुलला सकाळी पाठवलेल्या निरोपाचं उत्तर येतंय का एवढंच अधूनमधून बघत राहिली.

त्याचा फोन आला तेव्हा ती खाली भाजीला गेली होती. मोबाइल उशीखाली घरघरला. बानाबाईनं उचलला.

"ताई, खूप सॉरी, खरंच. तुमचा मेसेज आत्ता बघतोय..."

"ताई नाय. आजी हाय मी."

"आजी, माफ करा. मी मूळचा डोंबिवलीचा, मला वाटलं... उद्या लगेच खुलासा छापतो आम्ही. आजोबांचं खरं नाव काय होतं?"

"तेच."

"तेच म्हणजे?"

"तुमी छापलंय तेच."

तो हळूच म्हणाला, "म्हणजे कारभारी हे नावच... आणि म्हणून तुम्ही त्या दिवशी ते वाचलं नाही?"

"नाव घेत नसते मी."

"म्हणजे तुम्हाला वाचता येतं."

"समदं वाचलं की तुमचं. शेवटपतुर."

पलीकडं कागद हलल्याचा आवाज झाला. "आजी, मी वाचून दाखवतो, बघा बरोबर आहे का. 'रविवारच्या अंकात श्री. कारभारी हे सोडून गेल्याचे अनवधानाने प्रसिद्ध झाले. वस्तुतः त्यांचे गेल्या वर्षी निधन झाले आहे. चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' चालेल?"

हेच तर तिला हवं होतं. काळ्या अक्षरात, तारखेच्या खाली, सगळ्या जिल्ह्यात. तिनं ते कानानं ऐकलं, आणि ते दहाव्याच्या चिमट्यासारखं दुसऱ्याच कुणाच्या दंडाला लागलं.

"चूक कुठली त्यात?" ती म्हणाली.

"अं?"

"सोडूनच गेले ते." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. तो वर चढत होता. "शेतात जायचं तरी सांगून जायचे. कोपऱ्यावर विडी आनायला गेले तरी सांगून जायचे, आलो गं. त्या दिशी म्हनले, जरा पडतो. पडतो म्हनले! असं कुनी जातं व्हय? पाव्हना तरी दारात थांबून येतो म्हनतो."

"आजी..."

"तुमी बरुबर छापलंय. जागा रिकामी हाय, ते बी बरुबर हाय. ते राहू द्या. लाखाचं तेवढं दुरुस्त करा."

तिनं मोबाइल पालथा ठेवला.

दारात प्रांजली उभी होती. हातात मेथीची जुडी. ती केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. तिनं सासूचा आवाज वर्षभरात असा ऐकला नव्हता. मेथी ओट्यावर ठेवली, येऊन जवळ बसली आणि टॅब मांडीवर घेतला.

"मी आज वाचकांना लिहिते, आई. चहाचं बटण काढून टाकते."

"लिही. सोडून गेले म्हनून लिही."

"मग पुढं काय काढू? आबा नाहीत तर चित्रच नाही."

"बाई हाय की चित्रात."

"ती नुसती दारातून हाक मारते, आई."

"हाक मारनाऱ्या बाईला चहा लागत नाय व्हय?"

प्रांजलीनं तिच्याकडं पाहिलं. टॅबवर एक कोरी चौकट उघडली. दाराची रेघ काढली, मग पदर, मग पदराखालून पुढं आलेला हात. तिथं तिची पेन्सिल अडली. तिनं खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं. या घरात येऊन तिला इतकी वर्षं झाली होती. सगळ्यांना कप देणारी सासू तिनं रोज पाहिली होती. तिचा स्वतःचा चहा मागाहून व्हायचा, आत ओट्याशी, उभ्यानं, कुणी नसताना.

"आई," तिनं विचारलं, "तुम्ही कप कसा धरता?"

बानाबाईनं आपला हात वर उचलून डोळ्यांपुढं धरला. बोटं मिटवून पाहिली, उघडून पाहिली. कसा धरते, ते काही तिला सांगता येईना.

"आधण ठेव," ती म्हणाली. "बघून काढ."